ऑफ-सीझनचा मुसाफिर

'मोसम' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ. जत्रेची, हजची, गलबते हाकारण्याची. इंग्रजीने त्याच शब्दाचा 'मान्सून' केला आणि हजारो मैलांवरच्या इंडोनेशियात तो 'मुसिम' होऊन राहिला. तिथे पावसाळ्याला 'मुसिम हुजान' म्हणतात. एकाच वाऱ्याच्या दोन टोकांना राहणाऱ्या माणसांनी त्या वाऱ्याचे नावही वाटून घेतले आहे.

पर्यटनाच्या धंद्याने या जुन्या शब्दाला एक नवा अर्थ दिला. पाहुणे येतात तो 'सीझन', येत नाहीत तो 'ऑफ-सीझन'. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर हा ऑफ-सीझन म्हणजे बहुधा पावसाळा. समुद्र खवळलेला, आकाश दिवसदिवस उघडत नाही, खोल्या रिकाम्या आणि दर निम्म्यावर. पाठीवर सॅक टाकून मोजक्या पैशांत फिरणाऱ्याला हेच दिवस सोयीचे. तो गर्दी टाळतो, पैसे वाचवतो, आणि आपण खरे बेट पाहिले असे समाधान बरोबर घेऊन घरी परततो. माझा प्रश्न त्या निम्म्या दराबद्दल आहे. राहिलेला अर्धा दर कोण सोसतो? आणि तो आपण कोणत्या हक्काने वाचवतो?

प्रश्न किरकोळ वाटेल. दोन-चारशे रुपयांच्या घासाघिशीत कसली आली नीती, असे कोणी विचारील. पण माणसाची नीती मोठ्या व्यवहारांत वकील आणि करार सांभाळतात. ती उघडी पडते दोन-चारशे रुपयांतच.

हा प्रश्न हवेत सोडून चालणार नाही, त्याला एक जागा हवी. म्हणून मी लोम्बोकचे उदाहरण घेतो. बालीच्या पूर्वेला, एका खोल सामुद्रधुनीपलीकडचे हे बेट. वस्ती पस्तीस लाखांहून अधिक. त्यातले बहुसंख्य सासाक, आणि सासाक बहुतेक सगळे मुसलमान. इंडोनेशियात या बेटाला 'हजार मशिदींचे बेट' म्हणतात. उत्तरेला ३,७२६ मीटर उंचीचा रिंजानी हा ज्वालामुखी. १८५६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस इथे आला, तोही नाइलाजाने. त्याला सिंगापूरहून मकासारला जायचे होते आणि सरळ जाणारे जहाज मिळेना. या आडवाटेच्या मुक्कामात त्याच्या लक्षात आले, की बालीतले कितीतरी पक्षी एवढीशी सामुद्रधुनी ओलांडून इकडे येत नाहीत. पुढे प्राणिशास्त्रात 'वॉलेस रेषा' म्हणून जी प्रसिद्ध झाली ती हीच.

बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतूंचे गणित आपल्या उलट. आपल्याकडे आषाढ कोसळत असतो तेव्हा तिथे कोरडे ऊन. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा तिथे पाऊस. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा 'मुसिम हुजान'. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत रिंजानीची चढाई बंद असते. बालीच्या पादांगबाईहून लेम्बारला येणारी मोठी फेरीबोट एरवी चार-पाच तास घेते. या दिवसांत ती केव्हा सुटेल आणि केव्हा लागेल ते समुद्र ठरवतो.

फेब्रुवारी २०२३मध्ये मी तिथे बारा दिवस होतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या कुता या गावात एका होमस्टेमध्ये उतरलो. अंगण, अंगणाभोवती चार खोल्या, आणि दारासमोर चार खांबांवर उभे, गवताने शाकारलेले एक उघडे चौथरेवजा बांधकाम. त्याला 'बेरुगा' म्हणतात. आलेल्या माणसाला सासाक प्रथम तिथे बसवतो. आपल्या कोकणातल्या पडवीचे हे भावंडच. पाऊस पडू लागला की घरमालक, त्याची मुले, शेजारी आणि पाहुणे सगळे त्या बेरुगावर येऊन बसत. भाषा येत नसली तरी अडत नसे. हालहवाल विचारताना ते 'आपा काबार' म्हणत, आणि त्यातली 'खबर' माझ्या कानाला ओळखीची असे. खुर्चीला 'कुर्सी', जगाला 'दुनिया', वेळेला 'वाक्तु', रोजीला 'रेझेकी'. शब्दांनी अर्धी ओळख आधीच करून ठेवलेली.

घरमालक पन्नाशीतला. त्याला सगळे 'पाक' म्हणत. वडील या अर्थाच्या 'बापाक'चे ते लहान रूप, आपण काका म्हणतो तसे. तो मलेशियात पाम तेलाच्या मळ्यावर बरीच वर्षे राबून आलेला. लोम्बोकमधून मलेशियाला मजुरीसाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आपली माणसे आखातात जातात, परत येऊन घर बांधतात, तीच ही गोष्ट. त्याने घराबरोबर चार खोल्या बांधल्या. त्या चारांपैकी मी आलो तेव्हा एक भरली.

चौथ्या दिवशी दोन तरुण आले. एक स्पॅनिश, दुसरा पुण्याचा. पुण्याचा मुलगा नोकरी सोडून सहा महिन्यांसाठी बाहेर पडलेला. हुशार, हसतमुख, हिशेबाला पक्का. पाकने खोलीचे दोन लाख रुपिया सांगितले. आकडा मोठा वाटतो, पण तेव्हाच्या भावाने आपले हजारेक रुपये, दोघांच्या नाश्त्यासह. मुलाने ऐंशी हजारांपासून सुरुवात केली. मोबाइलवर शेजारच्या तीन जागांचे दर दाखवले. सॅक पुन्हा पाठीवर चढवली, दोन पावले फाटकाकडे टाकली. पाकने घराकडे एकदा पाहिले आणि मान हलवली. सौदा एक लाखावर तुटला.

रात्री बेरुगावर मी त्या मुलाशी मराठीत बोलत होतो. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "काका, आम्ही आलो नसतो तर ती खोली रिकामीच राहिली असती. शून्यापेक्षा एक लाख बरेच ना?"

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खोली ही रोजच्या रोज नासणारी वस्तू आहे. आजची रात्र आज विकली गेली नाही तर उद्या तिला गिऱ्हाईक नाही. पाहुणा उतरल्याने जो जास्तीचा खर्च होतो, म्हणजे वीज, पाणी, नाश्ता, धुलाई, त्यापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तरी मालकाचा तेवढा फायदाच. शिवाय हा पैसा थेट त्याच्या घरात जातो. मोठ्या रिसॉर्टमध्ये उतरणारा श्रीमंत प्रवासी जास्त खर्च करतो खरा, पण त्यातला मोठा हिस्सा बेटाबाहेरच्या मालकांकडे जातो. स्वस्तात फिरणारा माणूस वारुंगमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या खानावळीत जेवतो, गावातल्या पोराची मोटरसायकल भाड्याने घेतो, आणि ज्या महिन्यांत कोणी फिरकत नाही त्या महिन्यांत येतो. १९७५मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर यांचे 'साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग' हे पुस्तक निघाले. तेव्हापासून अशा प्रवासाने आग्नेय आशियातल्या कित्येक खेड्यांत चार पैसे खेळवले आहेत. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार घरी बसलेल्यांना नाही.

तरीही मनातली खुटखुट गेली नाही. ती नेमकी कुठे आहे हे शोधू लागलो तेव्हा मराठीतल्याच एका म्हणीपाशी येऊन थांबलो. गरजवंताला अक्कल नसते. दुसरी तिच्याच जोडीची, अडला हरी गाढवाचे पाय धरी. या दोन्ही म्हणी अडलेल्याबद्दल बोलतात. तो कसा वाकतो, कसा शहाणपण गमावतो, ते सांगतात. पण ज्याच्यापुढे तो वाकतो त्याच्याबद्दल काही बोलत नाहीत. जणू समोरच्याचे काही कर्तव्यच नाही. गरजवंत वाकला हा त्याचा प्रश्न, आपण फक्त उभे होतो.

इस्लामी परंपरेत व्यवहाराला एक अट घातलेली आहे: देणारा आणि घेणारा दोघेही राजी असावेत. कुरआनच्या सूरह निसामध्ये व्यापार हा परस्परांच्या राजीखुशीने असावा असे सांगितले आहे. आता पाक राजी होता की नव्हता? कोणी त्याच्यावर जोर केला नाही. त्याने स्वतः मान हलवली. कायद्याच्या भाषेत ती संमतीच. पण फकीहांनी यापुढचा प्रश्नही विचारला होता: जो 'मुज्तर' आहे, म्हणजे परिस्थितीने भिंतीला टेकला आहे, त्याच्या होकाराचे मोल काय? नडलेल्या माणसाकडून पडेल भावात वस्तू घेणे अनेकांनी नापसंत मानले. सौदा कागदावर वैध असेलही. त्यात बरकत नाही, असा त्यांचा रोख. वैध आणि उचित यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथेच माणसाच्या नीतीची परीक्षा होते.

आणखी एक गोष्ट. पावसात मालकाची मिळकत कमी होते आणि खर्च वाढतो. चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, म्हणून पाकची बायको त्या पंख्याखाली पसरत असे. भिंतींना ओल येते, शाकारणी कुजते, वीज जाते. म्हणजे ज्या दिवसांत पाहुण्याला खोली निम्म्या दरात मिळते, त्या दिवसांत ती पाहुण्याला देणे मालकाला अधिक महाग पडते. 'शून्यापेक्षा बरे' या हिशेबात हा आकडा धरलेला नसतो.

आणि आपण घासाघीस कुणाशी करतो हेही पाहावे. त्याच मुलाने विमानाचे तिकीट छापील दरात घेतले होते. विमानतळावर उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसासाठी पाच लाख रुपिया मोजले होते; तिथे त्याने सॅक उचलून दोन पावले मागे टाकली नाहीत. विमान कंपनी ऐकणार नाही, सरकार ऐकणार नाही, एटीएमचे शुल्क कापणारी बँक ऐकणार नाही. ऐकणारा एकच, ज्याच्या चार खोल्यांपैकी तीन रिकाम्या आहेत. आपली काटकसर अशी उतारावरून वाहते आणि सर्वांत खालच्या माणसापाशी जाऊन साचते. तिला मग काटकसर म्हणावे की आणखी काही?

यावर सोपा उपाय सुचतो. जास्त पैसे द्या, प्रश्न मिटला. मलाही काही दिवस असेच वाटत होते. तो समज बांगसालच्या धक्क्यावर गेला.

बांगसाल हे वायव्य किनाऱ्यावरचे छोटे बंदर. तिथून गिली त्रावांगान, मेनो आणि आयर या तीन चिमुकल्या बेटांना होड्या जातात. त्या बेटांवर मोटार नाही. घोडागाड्या, सायकली आणि पाय. मी गेलो त्या दिवशी सकाळपासून वारा होता आणि होड्या बंद होत्या. बंदर अधिकाऱ्याला तिथे 'शाहबंदर' म्हणतात. हा फारसी शब्द जुन्या व्यापाराबरोबर तिथे पोहोचला आणि अजून कचेरीच्या कागदांवर आहे. धक्क्यावर पंधरा-वीस परदेशी प्रवासी अडकलेले. त्यातल्या एका जोडप्याचे दुसऱ्या दिवशीचे काही आरक्षण होते. त्यांनी एका होडीवाल्याला बाजूला घेऊन आधी दुप्पट, मग तिप्पट पैसे देऊ केले. होडीवाला पंचविशीचा असेल. त्याने समुद्राकडे पाहिले, पैशाकडे पाहिले, आणि इंजिनाची दोरी हातात घेतली. शेजारच्या एका म्हाताऱ्या नावाड्याने ओरडून त्याला थांबवले. मग शाहबंदराच्या कचेरीतला माणूस आला आणि प्रकरण तिथेच थांबले. होडी गेली नाही. जोडप्याने कुरकुर केली. तरुण होडीवाला, मला वाटते, दोघांवरही रागावला होता; ज्यांनी पैसे देऊ केले त्यांच्यावर आणि ज्यांनी ते मिळू दिले नाहीत त्यांच्यावरही.

या प्रसंगात कोणी भाव पाडला नव्हता, उलट चढवला होता. तरीही पाकच्या अंगणात आणि या धक्क्यावर एकच गोष्ट घडत होती. दोन्हीकडे माणसाने जो निर्णय एरवी घेतला नसता तो घेतला, कारण पंधरा दिवस त्याच्या हातात पैसा आलेला नव्हता. एकाकडून स्वस्त खोली घेतली गेली, दुसऱ्याकडून जवळजवळ त्याचा जीव. म्हणजे दोष रकमेच्या लहानमोठेपणात नाही. सौदा करताना समोरच्याच्या गरजेला आपण आपला दलाल करतो, दोष तिथे आहे. आपण तोंडाने सभ्य बोलतो. दबाव टाकण्याचे काम त्याची गरज परस्पर करून टाकते. आपले हात स्वच्छ राहतात.

येथे मुसाफिराची बाजू मांडणारा एक वेगळा आवाज ऐकू येईल. मुसाफिराला सवलत देणे हा तर पुण्याचा भाग. आपल्या परंपरेने त्याला केवढा मान दिला आहे! खरे आहे. प्रवासात नमाज कसर होते, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यायची त्यांत 'इब्नुस सबील', म्हणजे वाटेचा लेक, आहे. अरबी भाषेने वाटसरूला वाटेचे अपत्य म्हणावे यात जुन्या जगातल्या प्रवासाचे सगळे हाल आले. घरी श्रीमंत असलेला माणूसही वाटेत लुटला गेला, पैशापासून तुटला, तर त्याचा जकातीवर हक्क मानला गेला. कारण त्या घडीला तो खरोखर निराधार आहे.

पण सॅक पाठीवर घेतलेला आजचा प्रवासी वाटेचा लेक आहे का? त्याच्या खिशात कार्ड आहे, परतीचे तिकीट आहे, विमा आहे. त्याची गरिबी ही सहा महिन्यांपुरती आणि मनाजोगी आहे. त्याला कंटाळा येईल त्या दिवशी ती संपते. तिला साधेपणा म्हणावे, हवे तर साधनाही म्हणावे. पण तिच्या नावावर गरिबाकडून सवलत मागता येत नाही. पाकची तंगी त्याने निवडलेली नाही आणि ती कंटाळा आला म्हणून संपत नाही. एक निवडलेली गरिबी आणि एक नशिबी आलेली गरिबी समोरासमोर बसून भाव करतात, तेव्हा दोघे समान आहेत असे भासते. दोघांचेही कपडे साधे, दोघेही भातावर मिरचीची चटणी खाणारे. ते भासणेच फसवे आहे.

फकीहांमध्ये यासंबंधी एक जुना वाद आहे. जो वाईट हेतूने प्रवासाला निघाला त्याला प्रवासाच्या सवलती मिळाव्यात का? शाफईंनी नाही म्हटले, हनफींनी दिल्या. सॅकवाल्याचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. जग पाहणे ही चांगलीच गोष्ट. पण या वादातून एवढे दिसते की प्रवासी आहे म्हणून सवलत आपोआप मिळते, असे परंपरेने सरसकट मानले नाही. कुठे निघालास, कशासाठी निघालास, हे विचारण्याची तिची सवय होती. गझालींनी 'इह्या'मध्ये प्रवासाच्या अदबीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले ते उगाच नाही.

पाहुणचाराच्या प्रसिद्ध हदीसमध्ये तर दोन्ही बाजूंना बांधले आहे. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा. त्यापुढे जे मिळेल तो यजमानाचा सदका. हे अनेकांना माहीत असते. त्यालाच जोडून आलेला भाग कमी लोक सांगतात: यजमानाकडे वाढायला काही उरू नये इतका मुक्काम पाहुण्याने लांबवू नये. यजमानाच्या घरात काय उरले आहे हे ओळखण्याची जबाबदारी तिथे पाहुण्यावर टाकलेली आहे. आपण पैसे देऊन राहणारे पाहुणे. आपल्याला ही हदीस लागू नाही असे कोणी म्हणू शकेल. पण होमस्टे म्हणजे नुसती खोली नसते. बेरुगावर बसायला मिळालेली जागा, पाऊस थांबेपर्यंत येत राहणारी, तांदूळ भाजून घातलेली काळी कॉफी, ताप आला तेव्हा शेजारच्या घरातून आणलेला काढा, यांतले काहीच त्या एक लाखात धरलेले नव्हते. विकत घेतलेल्या खोलीत न विकलेला पाहुणचारही असतो, आणि भाव पाडताना आपण त्याच्यावर भरवसा ठेवूनच पाडतो.

आता 'ऑफ' या शब्दाकडे पुन्हा पाहू. लोम्बोकचा पावसाळा कुणासाठी ऑफ आहे? दक्षिण भाग कोरडा. तिथली भातशेती बहुतांशी या पावसावरच. म्हणजे शेतकऱ्याचा हाच सीझन. पावसाळ्याच्या तोंडाशी लिंगसारच्या देवळात 'पेरांग तोपात' होतो. बालीहून आलेले हिंदू आणि सासाक मुसलमान झावळीच्या पानांत शिजवलेल्या भाताच्या मुटक्या एकमेकांवर फेकतात, आणि त्या वेचून नेऊन शेतात पुरण्याची चाल आहे. पीक चांगले यावे म्हणून. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिण किनाऱ्यावर 'बाऊ न्याले'. वर्षातून एकदाच पहाटे समुद्रातून वर येणारे रंगीत किडे हजारो लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळ्यांनी गोळा करतात. कथा अशी, की मांडालिका नावाच्या राजकन्येसाठी राजपुत्र लढायला निघाले. तिने युद्ध टाळण्यासाठी समुद्रात उडी घेतली आणि ती सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून हे किडे झाली. बेटाचे एवढे मोठे सण पावसात आहेत. पावसाळ्याला 'ऑफ' म्हणणारे ते बाहेरचे.

त्याच मांडालिकाच्या नावाने त्याच किनाऱ्यावर मोटरसायकल शर्यतींचा मोठा ट्रॅक झाला. प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनींवरून २०२१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी जाहीर चिंता व्यक्त केली होती. मार्च २०२२मध्ये तिथे मोटोजीपीची शर्यत झाली, तेव्हा जोराचा पाऊस आला आणि शर्यत लांबली. पाऊस थांबवण्यासाठी पारंपरिक मांत्रिक स्त्री ट्रॅकवर फिरताना जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिली. अनेकांना ती गंमत वाटली. मला त्यात वेगळेच दिसले. ज्यांच्याकडे खूप पैसा आहे त्यांना पाऊस थांबवून हवा असतो, आणि ज्यांच्याकडे बेताचा आहे त्यांना पावसाचा मोबदला दरात कापून हवा असतो. पाऊस आहे तसा सोसणारा तिसराच.

आणि पाऊस तरी दरवर्षी येतो-जातो. २०१८च्या ऑगस्टमध्ये, ऐन सीझनमध्ये, ६.९ क्षमतेच्या भूकंपाने उत्तर लोम्बोक उद्ध्वस्त केले. पाचशेहून अधिक माणसे गेली. गिली बेटांवरून हजारो प्रवाशांना होड्यांनी हलवावे लागले. पर्यटन जेमतेम उभे राहते तोच २०२०मध्ये कोरोनाने सीमा बंद झाल्या आणि दोन वर्षे सगळेच 'ऑफ' झाले. प्रवासी संकटाच्या दुसऱ्या दिवशी घरी जाऊ शकतो. त्याच्या दृष्टीने बेट ही एक निवड आहे. पाकच्या दृष्टीने ते घर आहे. सौद्यात बसताना हा फरक टेबलावर दिसत नाही, पण असतो.

मग करावे काय? पावसाळ्यात जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. जावे. गेल्यावर थोडी अदब पाळावी, एवढेच. मालकाने पावसाळ्याचा म्हणून जो दर स्वतः सांगितला तो घ्यावा. ती त्याची राजीखुशी. तो खिशाला झेपत असेल तर त्याखाली खेचू नये. झेपत नसेल तर सरळ तसे सांगावे आणि दुसरीकडे जावे. शेजाऱ्याचा दर दाखवून दोन गरिबांची झुंज लावू नये. आभाळ भरून आले म्हणून घेतलेली खोली आयत्या वेळी सोडू नये. वाट पाहण्याची किंमतही कोणीतरी मोजतच असतो. चार गावांत एकेक रात्र काढण्यापेक्षा एका गावात चार रात्री राहावे. आणि नावाडी किंवा वाटाड्या 'आज नको' म्हणाला, तर त्या 'नको'वर बोली लावू नये. गरीब माणसाला 'नाही' म्हणणे परवडत नाही. त्याने ते म्हटले असेल तर त्यामागे पैशापेक्षा मोठे कारण असते.

यावर तो पुण्याचा मुलगा मला म्हणाला होता, "काका, एवढा विचार केला तर फिरायचे कसे?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. प्रत्येक कपभर कॉफीपाशी अंतःकरण तपासत बसलो तर प्रवासाचे ओझे सॅकपेक्षा जड होईल. पण विचार रोज करावा लागत नाही. एकदा करून सवय लावून घ्यावी लागते. रांगेत उभे राहताना आपण रोज कुठे विचार करतो?

त्या मुलाला त्या रात्री माहीत नव्हते ती गोष्ट दोन दिवसांनी घडली. आणखी एक जोडी आली. पाकने या वेळी दोन लाख सांगितलेच नाहीत. त्याने एक लाखापासून सुरुवात केली. गल्लीत बातमी पोहोचली होती. समोरच्या घराच्या दारावरचा खडूने लिहिलेला दरही बदलला होता. आपण ज्या आकड्यावर थांबतो तो आपल्यानंतर येणाऱ्याचा पहिला आकडा होतो. आपला सौदा दोघांत झाला असे आपल्याला वाटते. गल्लीतली सगळी घरे त्या सौद्यात असतात.

आपल्या कोकणातही आता घराघरांत पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत. जूनमध्ये मच्छीमारी बंद होते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, आणि शहरातून पावसाळी सहलीला निघालेला माणूस फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "ऑफ-सीझन आहे, किती कमी कराल?" फोनच्या पलीकडच्या बाईने घरात कोणाकडे पाहिले असेल, ते त्याला दिसत नाही. लोम्बोकला मी ते पाहिले, कारण मी अंगणात बसलो होतो.